सांडपाण्यातले जड धातू आणि स्वस्त नैसर्गिक अधिशोषक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसा, साल, पाला असं स्वस्त साहित्य अधिशोषक म्हणून, म्हणजे पाण्यातला धातू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ म्हणून, वापरायची ही पद्धत नेमकी कुठे उपयोगी पडते?

पाण्यात धातू थोडा आहे, साधारण १ ते ५० मिग्रॅ प्रति लिटर, आणि तो आणखी खाली आणायचा आहे, अशा ठिकाणी. १०० मिग्रॅच्या वर असेल तर आधी चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून सामू (पीएच) वाढवावा, हायड्रॉक्साइडचा साका खाली बसू द्यावा आणि वरचं निवळलेलं पाणी सामू जुळवून अधिशोषकाकडे न्यावं. दाट पाणी थेट भुशावर सोडलं तर भुसा ढिगाने लागतो, आणि नंतर तो सगळा ढीग धातूने भरलेला घातक कचरा म्हणून सांभाळावा लागतो. साका बसवून मात्र शेवटचे काही मिलिग्रॅम सहसा निघत नाहीत. तिथे अधिशोषकाचं काम सुरू होतं.

भुसा, साल, पाला यांना धातू चिकटतो तरी कसा?

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन असतं. त्यांवर कार्बॉक्सिल, फिनॉलिक आणि हायड्रॉक्सिल गट असतात. कार्बॉक्सिल गटातला हायड्रोजन साधारण सामू ३ ते ५ च्या दरम्यान सुटतो, जागा ऋणभारित होते आणि शिसे, तांबे, कॅडमियम यांसारखे धनभारित आयन तिथे बसतात. बऱ्याच कच्च्या पदार्थांत त्या जागेवर आधीपासून कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा पोटॅशियम बसलेलं असतं आणि धातू त्याला हुसकावून जागा घेतो. म्हणजे ही बऱ्याच अंशी आयनांची अदलाबदल आहे. निघणाऱ्या पाण्यात कॅल्शियम वाढलेलं दिसलं तर काम ठीक चाललंय असं समजावं.

छिद्रांचं क्षेत्रफळ इथे फारसं कामाचं नसतं. कच्च्या भुशाचं पृष्ठक्षेत्र जेमतेम काही चौरस मीटर प्रति ग्रॅम असतं, तरी तो धातू धरतो. क्षेत्रफळाचे आकडे बघून साहित्य निवडणारे इथेच फसतात.

कोणत्या धातूला कोणतं साहित्य?

कार्बॉक्सिल गट जास्त असलेली साहित्यं, म्हणजे लिंबूवर्गीय फळांची साल, केळ्याची साल, तपकिरी समुद्री शेवाळ, ही शिसे आणि तांब्यासाठी उत्तम. त्यांच्यावरचा पसंतीक्रम बहुधा असा दिसतो: शिसे, मग तांबे, मग कॅडमियम आणि जस्त, आणि शेवटी निकेल. निकेल सगळ्यात हट्टी. शिशाचे चांगले आकडे वाचून त्याच साहित्याकडून निकेलची तीच अपेक्षा धरली तर निराशा ठरलेली.

लाकडाचा भुसा, भाताचं तूस, उसाचं चिपाड आणि शेंगांची टरफलं मुबलक मिळतात, पण कच्च्या रूपात त्यांची क्षमता बेताची, बहुतेक वेळा प्रति ग्रॅम एक-दोन आकडी मिलिग्रॅम. भाताच्या तुसात सिलिका भरपूर, म्हणून ते कॉलममध्ये (साहित्य भरलेल्या उभ्या नळीत) आकार टिकवतं आणि पाणी अडवत नाही. हा गुण क्षमतेच्या तक्त्यात दिसत नाही, पण कॉलम चालवणाऱ्याला तो फार मोलाचा. फळांची साल याच्या उलट: क्षमता भरपूर, पण फुगते, मऊ पडते, कुजते.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणाऱ्या कायटोसानवर अमिनो गट असतात, त्यामुळे ते तांब्याला चांगलं धरतं. आम्लात त्या गटांवर धनभार येतो आणि क्रोमेटही (क्रोमियमचा ऋणभारित आयन) पकडलं जातं. मात्र साधं कायटोसान सौम्य आम्लात विरघळतं, म्हणून ते आधी क्रॉसलिंक करून, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून, घ्यावं लागतं. पाऱ्याला गंधकाची ओढ जबर, त्यामुळे लोकर, केस, पिसं यांसारखं केराटिनयुक्त साहित्य (केराटिन म्हणजे गंधक असलेलं प्रथिन) तिथे भुशापेक्षा सरस ठरतं.

आर्सेनिक हे वेगळंच प्रकरण. ते पाण्यात धनभारित आयन म्हणून नसतं, त्यामुळे नुसता भुसा किंवा साल जवळजवळ निरुपयोगी. त्याला लोहाच्या हायड्रॉक्साइडचा लेप दिलेली वाळू, माती किंवा बायोचार (हवेविना तापवून केलेला कोळसा) लागतो. त्यातही त्रिसंयुजी आर्सेनिक सामू ९ पर्यंत बहुतांशी भाररहित असतं, म्हणून त्याचं आधी ऑक्सिडीकरण करावं.

अंड्याची टरफलं खूप चांगली म्हणतात. खरं आहे?

पाण्यातला धातू कमी होतो हे खरं. पण टरफलं म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. ते थोडं विरघळतं, सामू वाढवतं आणि धातू कार्बोनेट-हायड्रॉक्साइडच्या साक्याच्या रूपात खाली बसतो. याला अधिशोषण म्हणून क्षमता काढण्यात अर्थ नाही. चुन्याला पर्याय म्हणून वापरा, आणि साका गाळायची सोय ठेवा.

साहित्य तयार कसं करायचं?

भुसा, तूस, टरफलं यांच्यासाठी ही कृती पुरते:

१. माती, दगड, बुरशी लागलेले तुकडे निवडून काढा. भुसा प्लायवूड किंवा रंगवलेल्या लाकडाचा नको. त्यातून डिंक, रंग आणि कधी कधी धातूच पाण्यात उतरतात.

२. नळाच्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या, मग १ भाग साहित्याला १० ते २० भाग गरम पाणी (६० ते ८० अंश सेल्सिअस) घेऊन तासभर ढवळा. पाणी बदलत राहा, रंग फिका होईपर्यंत.

३. ६० ते ८० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. साधारण एक रात्र लागते. साल असेल तर तापमान ६० च्या वर नेऊ नका, नाहीतर ती काळपट आणि ठिसूळ होते.

४. दळून चाळा. बीकरमधल्या चाचणीसाठी ०.२५ ते ०.५ मिमी, कॉलमसाठी ०.५ ते १ मिमी. चाळणीखालचं पीठ टाकून द्या. गाळण तुंबवायला हेच पीठ पुरेसं असतं.

५. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात २ ते ४ तास भिजवा. यात साहित्यातले मूळचे धातू आणि क्षार निघून जातात. मग धुतलेल्या पाण्याचा सामू स्थिर होईपर्यंत धुवा.

६. धनभारित धातूंसाठी आता ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात तासभर ठेवून पुन्हा धुवा. ही पायरी गाळली तर साहित्य हायड्रोजन रूपात राहतं, धातू घेताना आम्ल सोडतं, सामू ३ पर्यंत घसरतो आणि अधिशोषण मध्येच थांबतं. क्षमता एकदम कमी आली की आधी ही पायरी झाली होती का ते तपासावं.

७. पुन्हा वाळवून हवाबंद डब्यात. ओलावा राहिला तर आठवड्याभरात बुरशी.

आधीचं आणि नंतरचं वजन मांडा. धुण्यात साहित्याचा बराच भाग निघून जातो, आणि किती कच्चा माल आणायचा याचा हिशोब त्यावर ठरतो.

प्रक्रियेनंतर पाणी तपकिरी होतं. काय चुकलं?

टॅनिन, रंगद्रव्यं आणि विद्राव्य फिनॉलं उतरली. हे नुसतं दिसायला वाईट नाही. पाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) वाढतो, आणि सुटलेलं टॅनिन धातूशी संयुग करून त्याला पाण्यातच धरून ठेवतं. साली आणि पाला यांच्यात हा त्रास सर्वांत जास्त. गरम पाण्याच्या धुण्या वाढवा. तरीही रंग गेला नाही तर ०.१ मोलर कॉस्टिकमध्ये अर्धा तास ठेवून धुवा, किंवा साहित्याचा बायोचार करा. जुन्या कृतींमध्ये फॉर्माल्डिहाइडने टॅनिन बांधून टाकायला सांगितलेलं असतं. ते जमतं, पण फॉर्माल्डिहाइड कर्ककारक आहे आणि ते स्वतःच सांडपाण्यात उतरू शकतं. टाळलेलं बरं.

रासायनिक प्रक्रिया करणं परवडतं का?

कॉस्टिकची सौम्य प्रक्रिया बहुतेक वेळा परवडते. ती एस्टर तोडून नवे कार्बॉक्सिल गट मोकळे करते. सायट्रिक आम्लाची प्रक्रियाही चांगली: साहित्य ०.६ मोलर द्रावणात भिजवायचं, ५० ते ६० अंशांवर वाळवायचं आणि मग १२० अंशांवर दीड तास तापवायचं. सायट्रिक आम्ल सेल्युलोजला एस्टर बंधाने जोडलं जातं आणि दर जोडणीमागे मोकळे कार्बॉक्सिल गट वाढतात. क्षमता कित्येक पटींनी वाढू शकते. न जोडलं गेलेलं आम्ल मात्र कसून धुवावं. ते राहिलं तर सायट्रेट धातूला पाण्यातच पकडून ठेवतं आणि प्रक्रिया केलेलं साहित्य कच्च्यापेक्षा वाईट दिसतं.

नॅनोकण, चुंबकीय लेप, तीन-चार महागडी अभिकारकं अशा वाटेला गेलात तर ‘स्वस्त’ हा शब्द सोडून द्यावा. मग तुलना बाजारातल्या आयन-विनिमय रेझिनशीच करायला हवी.

सामू किती ठेवायचा?

शिसे आणि तांब्यासाठी ४.५ ते ५.५, कॅडमियम, जस्त, निकेलसाठी ५.५ ते ६.५. सामू २ च्या आसपास सगळ्या जागा हायड्रोजन आयनांनी भरलेल्या असतात, त्यामुळे हे धातू जवळजवळ बसतच नाहीत. वरच्या बाजूला धोका वेगळा. १०० मिग्रॅ प्रति लिटर तांबं असेल तर सामू ५.६ च्या पुढे हायड्रॉक्साइड पडायला लागतो. सामू ७ ला ‘९९ टक्के निष्कासन’ मिळालं म्हणून आनंद होतो, पण त्यातलं बरंचसं काम भुशाने केलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक सामूला अधिशोषक न घालता एक ब्लँक चालवा. ब्लँकमध्येही धातू कमी झाला तर तो साक्यात गेला.

अधिशोषकाचा शून्यभार सामू कळला तर अंदाज बांधणं सोपं जातं. ०.०१ मोलर पोटॅशियम नायट्रेटचे ५०-५० मिलि घेऊन त्यांचे सामू २, ४, ६, ८, १० असे लावा, प्रत्येकात ०.२ ग्रॅम साहित्य टाका, २४ तास हलवत ठेवा आणि शेवटचा सामू मोजा. ज्या ठिकाणी सुरुवातीचा आणि शेवटचा सामू सारखा, तो शून्यभार बिंदू. त्याच्या वर पृष्ठभाग ऋण, खाली धन. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड मधले आकडे बिघडवतो.

सामू फक्त सुरुवातीला लावून सोडू नका. शेवटचा सामू पण लिहा. खरा परिणाम त्यावर ठरतो.

क्रोमियमसाठी सगळे सामू २ का सांगतात? आणि त्यात खोच काय?

षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट, म्हणजे ऋणभारित असतं. सामू २ च्या आसपास अधिशोषकाचा पृष्ठभाग धनभारित होतो, त्यामुळे क्रोमेट ओढलं जातं. इथपर्यंत सगळेच लिहितात.

खोच पुढे आहे. आम्लात षट्संयुजी क्रोमियम जोरदार ऑक्सिडीकारक असतं आणि भुसा, साल, पाला हे सेंद्रिय पदार्थ त्याला इलेक्ट्रॉन देतात. क्रोमियम त्रिसंयुजी होतं (याला क्षपण म्हणतात). ते आता धनभारित, पृष्ठभागही धनभारित, त्यामुळे ते परत पाण्यात येतं. डायफिनाइल कार्बाझाइडची जांभळी चाचणी (५४० नॅनोमीटर) फक्त षट्संयुजी रूप मोजते. ती शून्य दाखवते, अहवालात १०० टक्के लिहिलं जातं आणि पाण्यात क्रोमियम बरंचसं तसंच असतं. एकूण क्रोमियम अणुशोषण यंत्रावर (एएएस) किंवा आयसीपीवर (प्लाझ्मा वापरून धातू मोजणारं यंत्र) मोजा. एकूणमधून षट्संयुजी वजा केलं की त्रिसंयुजी मिळतं.

हे कळलं की त्याचा फायदाही घेता येतो, कारण षट्संयुजीपेक्षा त्रिसंयुजी कितीतरी कमी विषारी. पहिल्या टाकीत सामू २ ला भुशाने क्षपण होऊ द्यायचं आणि दुसऱ्यात चुन्याने सामू ८ ते ८.५ ला नेऊन त्रिसंयुजी क्रोमियम साक्यात उतरवायचं. क्षपणात हायड्रोजन आयन खर्च होतात, म्हणून पहिल्या टाकीत सामू आपोआप चढतो आणि क्रिया मंदावते. मधून मधून आम्ल घालावं लागतं.

बीकरमधली चाचणी कशी करायची?

१००० मिग्रॅ प्रति लिटरचं मूळ द्रावण करून ठेवा. एक लिटरला लेड नायट्रेट १.५९८ ग्रॅम, पाच पाण्याचं (पेंटाहायड्रेट) कॉपर सल्फेट ३.९३ ग्रॅम, पोटॅशियम डायक्रोमेट २.८२९ ग्रॅम. त्यातून ५ ते २०० मिग्रॅची द्रावणं करा. प्रत्येकी १०० मिलि, त्यात ०.२ ग्रॅम साहित्य, सामू लावलेला, मिनिटाला १५० फेऱ्या, तापमान २५ अंश. १५, ३०, ६०, १२०, २४० मिनिटांनी नमुने. बारीक भुशाचं संतुलन बहुधा तास-दोन तासांत येतं. दाणे मोठे असतील तर जास्त वेळ.

गाळताना सावध. गाळणकागद स्वतः शिसे धरतो, म्हणून पहिले १० मिलि टाकून द्या किंवा ०.४५ मायक्रॉनचं पटल वापरा. बाटल्या काचेऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या, १० टक्के नायट्रिक आम्लाने धुतलेल्या. गाळलेला नमुना नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणून ठेवा, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला लागत नाही.

प्रति ग्रॅम धरलेला धातू म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रमाणातला फरक, गुणिले द्रावण लिटरमध्ये, भागिले साहित्य ग्रॅममध्ये. प्रत्येक बिंदू तीनदा.

निष्कासनाचा टक्का ९५ आला. साहित्य चांगलं समजायचं?

टक्क्यावरून काही ठरत नाही. साहित्य दुप्पट टाका, टक्का वाढेल आणि प्रति ग्रॅम पकड घटेल. १० मिग्रॅवरचे ९५ टक्के आणि २०० मिग्रॅवरचे ९५ टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक. बघायचं ते हे: सोडायच्या पाण्यात जेवढा धातू चालतो, त्या प्रमाणाला एक ग्रॅम साहित्य किती धरतं?

मग किती साहित्य लागेल, हे कसं काढायचं?

समतापी वक्र (आयसोथर्म), म्हणजे एका तापमानाला पाण्यात उरलेला धातू आणि प्रति ग्रॅम पकड यांचा आलेख, काढा आणि त्याला लँगमुइरचं समीकरण बसवा: प्रति ग्रॅम पकड = कमाल क्षमता × स्थिरांक × उरलेलं प्रमाण भागिले (१ + स्थिरांक × उरलेलं प्रमाण). १९१८ चं हे समीकरण अजूनही या कामाला पुरतं. समजा, कमाल क्षमता ४० मिग्रॅ प्रति ग्रॅम आणि स्थिरांक ०.०५ लिटर प्रति मिग्रॅ आला. पाण्यात निकेल २० मिग्रॅ, ते ३ वर आणायचंय, पाणी रोज १००० लिटर.

३ मिग्रॅशी संतुलनात असलेलं साहित्य किती धरतं? ४० × ०.०५ × ३ भागिले (१ + ०.०५ × ३), म्हणजे ५.२ मिग्रॅ प्रति ग्रॅम. चाळीस कुठे आणि पाच कुठे! कमाल क्षमतेचा आकडा हा भरपूर धातू असलेल्या पाण्याचा आकडा आहे, आणि आपल्याला तर पाणी स्वच्छ करायचंय. एका टप्प्यात काढायचा निकेल १७ ग्रॅम, म्हणून साहित्य सुमारे ३.२६ किलो.

आता तेच दोन टप्प्यांत करा. पहिल्या टाकीत २० वरून ८, तिथे साहित्य ११.४ मिग्रॅ प्रति ग्रॅम धरतं, म्हणून १.०५ किलो. दुसऱ्या टाकीत ताज्या साहित्याने ८ वरून ३, ०.९६ किलो. बेरीज २ किलोच्या आसपास. एक टाकी वाढवून साहित्य आणि घातक कचरा दोन्ही जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या टाकीतलं अर्धवट वापरलेलं साहित्य पुढच्या खेपेला पहिल्या टाकीत टाकलं तर आणखी वाचतं.

हे आकडे शुद्ध द्रावणावरचे. खऱ्या पाण्याचा वक्र खऱ्या पाण्यावरच काढावा.

आलेख कोणत्या प्रतिकृतीला बसतो यावरून रासायनिक बंध सिद्ध होतो का?

नाही. ‘द्वितीय कोटी’ची गतिकी (वेळेनुसार पकड किती वेगाने वाढते याचं एक समीकरण) उत्तम बसली म्हणजे रासायनिक अधिशोषण झालं, हा निष्कर्ष सगळीकडे लिहिलेला सापडतो, पण समीकरण बसणं हा यंत्रणेचा पुरावा नव्हे. संतुलनाजवळचे बिंदू जास्त असले की ते समीकरण जवळजवळ कशालाही बसतं. पुरावा हवा असेल तर सुटलेलं कॅल्शियम मोजा, अवरक्त वर्णपटात कार्बॉक्सिलची शिखरं सरकतात का ते बघा, आम्लाने धातू परत किती निघतो ते तपासा. स्थिरांक मात्र सरळ रेषेत वळवलेल्या समीकरणावरून न काढता थेट वक्र बसवून काढा. रेषेत वळवताना चुकांचं वजन बदलतं.

प्रयोगशाळेत छान चालतं, कारखान्याच्या पाण्यात का नाही?

पहिलं कारण कॅल्शियम. पाण्यात १०० मिग्रॅ कॅल्शियम म्हणजे २.५ मिलिमोल. त्याच पाण्यातलं २० मिग्रॅ निकेल म्हणजे ०.३४ मिलिमोल. एका निकेल आयनामागे सात कॅल्शियम आयन त्याच जागेसाठी रांगेत. शिसे या गर्दीतून वाट काढतं, निकेल मागे पडतं.

दुसरं कारण संयुगकारक, म्हणजे धातूला घट्ट पकडून पाण्यातच ठेवणारी रसायनं: ईडीटीए, अमोनिया, सायट्रेट, सायनाइड. मुलामा देण्याच्या आणि धुण्याच्या रसायनांत हे असतातच. ईडीटीएने धरलेलं निकेल ऋणभारित असतं, ते भुशाकडे वळणारच नाही. ओळखायची युक्ती सोपी: थोड्या पाण्याचा सामू कॉस्टिकने १० ला न्या, तासाभराने गाळा. तांबं किंवा निकेल तरीही विरघळलेलंच राहिलं तर संयुगकारक आहे. आधी त्याचा बंदोबस्त.

तिसरं तेल आणि गाळ. दाण्यांवर तेलाचा पातळ थर बसला की काम संपलं. तेल आधी वेगळं करा.

सायनाइड असलेल्या पाण्यात आम्ल घातलं तर?

हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो जीव घेतो. सायनाइडची शंका जरी असली तरी सामू खाली आणू नका. आधी सामू १० च्या वर ठेवून क्लोरीन किंवा हायपोक्लोराइटने सायनाइड नष्ट करा, चाचणी घ्या, मगच पुढे.

कॉलम कसा भरायचा?

रिकाम्या आयतनाचा संपर्ककाळ (थराचं आयतन भागिले प्रवाह) १५ मिनिटं धरून सुरुवात करा. तासाला २० लिटर पाणी असेल तर थर ५ लिटरचा. आतला व्यास १० सेंमी घेतला तर थराची उंची ६४ सेंमी येते. व्यास दाण्याच्या निदान २० पट हवा, नाहीतर पाणी भिंतीच्या कडेने पळतं. वर ३० ते ५० टक्के मोकळी जागा ठेवा, कारण साहित्य फुगतं.

साहित्य रात्रभर पाण्यात भिजवा. तळाला जाळी, त्यावर ५ सेंमी धुतलेली खडी, मग भिजलेलं साहित्य पाण्यासकट ओता. कोरडं भरून वरून पाणी सोडलं तर हवेचे खिसे राहतात आणि साहित्य फुगून नळी फुटूही शकते. पाणी खालून वर चढवा, म्हणजे हवा निघून जाते.

आता वाईट बातमी. ५ लिटर भुसा कोरडा साधारण एक किलो भरतो. कॉलममध्ये तो प्रति ग्रॅम १० मिग्रॅ निकेल धरतो असं मानलं तर १० ग्रॅम, म्हणजे २० मिग्रॅच्या पाण्याचे ५०० लिटर. तासाला २० लिटरने हा कॉलम २५ तासांत संपला. म्हणून दोन कॉलम एकापाठोपाठ जोडतात. पहिला जवळजवळ भरला की काढायचा, दुसरा पुढे आणायचा आणि ताजा शेवटी लावायचा.

कॉलममध्ये काय काय बिघडतं?

दाब वाढतो आणि प्रवाह घटतो: बारीक पीठ, फुगलेली साल किंवा जिवाणूंची बुळबुळ. उलट प्रवाहाने धुवा, आणि पुढच्या वेळी साल वाळूत किंवा तुसात मिसळून भरा.

धातू अपेक्षेच्या फार आधी बाहेर दिसतो: पाण्याला वाट पडली. थोडं रंगीत पाणी सोडून बघा. रंग एका बाजूने आधी दिसला तर थर पुन्हा भरा.

बाहेरच्या पाण्यात निकेल आत येणाऱ्यापेक्षा जास्त निघतं: यंत्र बिघडलेलं नाही. शिसे किंवा तांबं येऊन आधी बसलेल्या निकेलला हुसकावतंय. मिश्र धातूंच्या पाण्यात कॉलम कधी बदलायचा हे सर्वांत कमकुवत धरला जाणाऱ्या धातूवरून ठरवा.

सडका वास: थर कुजतोय. आठवडाअखेर पाणी बंद ठेवून कॉलम भरलेला सोडला की हमखास.

साहित्य पुन्हा वापरता येतं?

येतं, ०.१ मोलर आम्लाने धनभारित धातू सुटतात. शिशासाठी नायट्रिक आम्ल वापरा. गंधकाम्लाने लेड सल्फेट दाण्यांतच अडकतं आणि हायड्रोक्लोरिकने लेड क्लोराइड पडायची भीती असते. क्रोमेट ०.१ मोलर कॉस्टिकने निघतं, पण क्षपण होऊन बसलेलं क्रोमियम निघत नाही. आम्लानंतर सोडियम किंवा कॅल्शियम रूपात परत आणायला विसरू नका. प्रत्येक फेरीत थोडं साहित्य विरघळतं, म्हणून भुसा-सालीच्या बाबतीत तीन ते पाच फेऱ्यांनंतर नवीन घेणं शहाणपणाचं. आणि सुटलेल्या धातूचं दाट आम्ल कुठे जाणार हे ठरलेलं नसेल तर पुनर्निर्मितीच्या भानगडीत पडूच नका.

वापरून झालेल्या साहित्याचं काय?

हे साहित्य शेतात, खतात किंवा चुलीत जाता कामा नये. खतातून धातू पिकात उतरतो. उघड्यावर जाळलं तर पारा, कॅडमियम आणि काही प्रमाणात शिसे धुरात जातं, आणि अल्कधर्मी राखेत त्रिसंयुजी क्रोमियमचं पुन्हा षट्संयुजी होऊ शकतं, म्हणजे केलेलं सगळं काम उलटं.

निथळून, वाळवून, वजन आणि धातूचं नाव लिहिलेल्या बंद पिंपात ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीच द्या. त्याआधी झिरप चाचणी करून घेतात. टीसीएलपी पद्धतीत साहित्याच्या २० पट ॲसेटिक आम्लाचं द्रावण घालून १८ तास फिरवतात आणि किती धातू सुटला ते मोजतात. जास्त सुटत असेल तर सिमेंटमध्ये बांधून पुन्हा चाचणी करावी लागते. सेंद्रिय पदार्थ जास्त असला की सिमेंट नीट धरत नाही, म्हणून आधी छोटा ठोकळा करून बघा.

घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी असा फिल्टर करावा का?

करू नये. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी शिशासाठी ०.०१ आणि कॅडमियमसाठी ०.००३ मिग्रॅ प्रति लिटर आहे. घरी केलेला भुशाचा थर तिथपर्यंत पोचतोय का हे चवीने किंवा रंगाने कळत नाही, वर त्यात जिवाणू वाढतात. पाण्यात धातू असल्याची शंका असेल तर आधी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी दुसरं पाणी वापरा. उकळल्याने धातू जात नाहीत, उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं.